ट्यूब गेली, काळजी राहिली

'आमच्या चिरंजीवांनी डोंगरात चालवावयाची सायकल घेतली आहे. तिच्या चाकांत ट्यूबच नाही म्हणतात. मग हवा राहते कशी, आणि पंक्चर झाले तर काढावयाचे कोठे? दुकानदार म्हणाला, "आता पंक्चरची चिंता कायमची मिटली." हे खरे मानावे काय?' अशा आशयाचे पत्र एका भगिनीकडून या सदराकडे आले आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे, 'रविवारी पहाटे तो निघतो. डोंगरात फोन लागत नाही. तो परत येईपर्यंत माझे लक्ष दाराकडे असते.'

पत्रातील प्रश्न सायकलीचा असला, तरी काळजी मुलाची आहे, आणि ती अस्थानी नाही. दुकानदाराचे म्हणणे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे काय आहे ते मी चांगलीच किंमत देऊन शिकलो. म्हणून या महिन्याचे सदर त्यालाच द्यावे असे ठरविले.

प्रथम ट्यूबवाचून हवा राहते कशी ते पाहू. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर तयार केला आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. तेव्हापासून बहुतेक सायकलींत कामाची एक वाटणी रूढ झाली: हवा धरून ठेवावयाची ती आतल्या ट्यूबने, आणि दगडमातीशी झुंजावयाचे ते बाहेरच्या टायरने. डोंगरी सायकलींच्या बाबतीत ही वाटणी मोडण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न १९९९ साली झाला. फ्रान्समधील माव्हिक या कंपनीने मिशेलिन आणि हचिन्सन या टायर कंपन्यांच्या सहकार्याने ट्यूबविरहित चाके बाजारात आणली. आज जी पद्धत रूढ आहे तीत चार गोष्टी मिळून ट्यूबचे काम करतात. टायरची कड रिमच्या खाचेत घट्ट बसते. स्पोकची भोके एका हवाबंद चिकटपट्टीने झाकलेली असतात. व्हॉल्व्ह ट्यूबला नसून थेट रिमलाच बसविलेला असतो. आणि टायरच्या पोटात पांढरा, दुधासारखा एक द्रव ओतलेला असतो. त्याला सीलंट म्हणतात. केरळातील रबराच्या मळ्यांत झाडाला खाच पाडून जो चीक गोळा करतात, तसाच चीक पुष्कळशा सीलंटांचा मुख्य घटक असतो. काटा रुतून भोक पडले, की निसटणारी हवा या चिकाला भोकाकडे ढकलते, तेथे तो गोठतो आणि भोक बुजते. स्वाराला बहुधा त्याची वार्ताही नसते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटेल. त्याचे कारण हवेच्या दाबात आहे. ट्यूब असलेल्या चाकात हवा कमी ठेवली, तर दगडावर आपटताच ट्यूब दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. सायकलवाले याला 'सर्पदंश' म्हणतात. तो टाळण्यासाठी ३० ते ३५ पौंड हवा भरावी लागते, आणि इतके कडक चाक सुट्या दगडांवरून उड्या मारते. ट्यूबच नसेल तर चिमटावयाचे काहीच उरत नाही. २० ते २५ पौंडांवर काम भागते. नरम चाक दगडाला बिलगून चालते, उतारावर सुटत नाही, आणि मनगटांना व पाठीला बसणारे हादरे कमी होतात. म्हणजे पंक्चर टळणे हा एक लाभ झाला. पण सायकल ताब्यात राहणे हा त्याहून मोठा.

आता माझी गोष्ट. चार वर्षांपूर्वी, मार्च महिन्यातल्या एका रविवारी, मी माझ्या सोळा वर्षांच्या भाच्याला घेऊन महूजवळच्या जानापावला गेलो होतो. चंबळेचा उगम मानली जाणारी ही टेकडी इंदूरकरांच्या परिचयाची आहे. 'संध्याकाळी सहापर्यंत परत आणतो' असे ताईला सांगून निघालो होतो. सायकली ट्यूबलेस होत्या. दिवाळीत सीलंट भरून घेतले होते आणि त्यानंतर एकदाही पंक्चर झाले नव्हते. त्यामुळे मी अगदी निर्धास्त होतो. उतरताना भाच्याच्या मागच्या चाकातून सूं असा आवाज येऊ लागला. पांढऱ्या द्रवाचा थेंबही बाहेर दिसेना. पंप मारला, तो मारीपर्यंतच हवा टिकली. "मामा, काही उपयोग नाही, हवा राहतच नाही," तो म्हणाला. जवळ एक जादा ट्यूब होती. ती घाईघाईने घातली, हवा भरली, आणि पन्नास पावलांवर तीही बसली.

ऊन उतरू लागले होते. थिगळ लावण्याचे सामान मी घरीच ठेवले होते. ट्यूबलेसला ते कशाला, असा माझा हिशेब. फोनला रेघ नव्हती. सायकली हातात धरून आम्ही महामार्गाकडे चालू लागलो. मुलगा बिचारा एका शब्दाने कुरकुरला नाही. पण अंधार पडल्यावर तो माझ्या अगदी जवळून चालू लागला, हे मला जाणवले. शेवटी दुधाच्या एका टेंपोवाल्याने आम्हांला महूपर्यंत आणले. ताईच्या दारात पोहोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. ती दारातच उभी होती. ती काहीच बोलली नाही. आत जाऊन तिने दोघांची पाने मांडली. तिने चार शब्द सुनावले असते तर मला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो टायर उलटा करून पाहिला. सीलंट कधीच सुकून गेले होते. आत रबराचा पातळ पापुद्रा तेवढा उरला होता. आणि टायरच्या आतल्या बाजूने बोट फिरवताच टोचले. मोजून अकरा काट्यांची टोके आत आलेली होती. बहुतेक सराट्याची, एकदोन बाभळीची. पाच महिन्यांत ती एकामागून एक रुतत गेली, सीलंटने ती एकेक करून बुजविली, आणि आम्हांला कळलेही नाही. सीलंट संपल्यावर जो काटा आला त्याने हवा सोडली. आणि नवी ट्यूब घातली ती सरळ त्या अकरा टोकांवर.

सराटा, ज्याला गोखरू किंवा संस्कृतात गोक्षुर म्हणतात, तो येथे विशेष ध्यानात घ्यावा. जमिनीलगत पसरणाऱ्या या वेलीला पिवळे इवलेसे फूल येते. तिचे फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्याला दोन दणकट काटे असतात. तुकडा कसाही पडो, एक टोक वर राहतेच. आपल्याकडे आयुर्वेदाने या वनस्पतीला औषधांत स्थान दिले. अमेरिकेच्या पश्चिम भागात ती परकी म्हणून शिरली आणि तेथील सायकलस्वारांचीही वैरीण झाली. जेथे सराटे आहेत तेथे ट्यूबलेस टायर हा योग्यच उपाय होय. मात्र जुनी ट्यूब काटा रुतला की तत्काळ तक्रार करीत असे; हा टायर मुकाट्याने सोसतो. त्यामुळे त्याची विचारपूस आपण होऊन करावी लागते.

टायर निवडताना

आधी हे पाहावे की आपल्याला याची गरज आहे काय. शाळेला किंवा बाजारात जाणाऱ्या साध्या सायकलीला ट्यूबच बरी. ती कोपऱ्यावरचा कोणीही कारागीर घमेल्यातल्या पाण्यात बुडवून दुरुस्त करून देतो. नियमाने डोंगरात जाणाऱ्यानेच ट्यूबलेसचा विचार करावा. आणि तोही टायर व रिम या दोहोंवर 'ट्यूबलेस रेडी' असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच. साध्या रिमवर साधा टायर चढवून त्यात सीलंट ओतण्याचे प्रयोग पुष्कळ लोक करतात. पण त्या टायरची कड वळणावर रिममधून निसटू शकते, आणि उतारावर तसे झाले तर नुसत्या पंक्चरवर भागत नाही.

मापाच्या बाबतीत इंचांवर विसंबू नये. टायरच्या कुशीवर '५७-६२२' असे दोन आकडे असतात. पहिला टायरची रुंदी आणि दुसरा रिमच्या ज्या कडेवर टायर बसतो तिचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. डोंगरी सायकलींत २६ इंची म्हणजे ५५९, साडेसत्तावीस इंची म्हणजे ५८४ आणि २९ इंची म्हणजे ६२२. इंचांनी घोटाळा कसा होतो पाहा: आपल्या घरोघरी जी काळी, उंच, २८ इंची सायकल असे, तिचा हा व्यास ६३५ आहे, म्हणजे '२८' हे '२९'हून मोठे! तेव्हा दुसरा आकडा जुन्या टायरवरून कागदावर उतरवून घ्यावा आणि मगच दुकानात जावे.

रुंदी सव्वादोन ते २.४ इंच असावी. रिमची आतली रुंदी २५ ते ३० मिलिमीटर असेल तर असा टायर नीट बसतो. मात्र नवा टायर जुन्याहून रुंद घेताना सायकलीच्या सांगाड्यात दोन्ही बाजूंना जागा उरते ना, हे पाहावे. चिखलाने माखलेले चाक कोरड्या चाकाहून जाड असते.

टायरवरच्या रबरी गाठींचा विचार आपल्या जमिनीप्रमाणे करावा. माळव्यातली किंवा बेळगावच्या पूर्वेकडची काळी माती पावसाळ्यात अशी चिकटते की चाक फिरेनासे होते. तेथे उंच आणि विरळ गाठींचा टायर हवा, म्हणजे माती आपोआप झडते. कोरड्या मुरमावर आणि घट्ट पायवाटेवर मध्यभागी बुटक्या, दाट गाठी असलेला टायर हलका पळतो. दोन्ही ऋतूंना एकच जोडी वापरावयाची असेल तर पुढे अधिक पकडीचा आणि मागे अधिक पळता टायर घालावा. पुढचे चाक घसरले तर स्वार पडतो. मागचे घसरले तर बहुधा सावरता येते.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. आपल्या पठारावरचा काळा कातळ धारदार असतो, आणि तो टायरच्या तळाला नव्हे, कुशीला कापतो. कुशीतली चीर सीलंटने बुजत नाही. वजनाने शंभर-दीडशे ग्रॅम हलका टायर चढावर सुखाचा वाटतो खरा. परंतु दगडाळ वाटेने जाणाऱ्याने कुशीला जादा अस्तर असलेला, थोडा जड टायर घ्यावा. पैसे तेथे खर्च करावे. शोभेच्या रंगांवर नव्हे.

बसविताना

पहिली जोडी जाणत्या कारागिराकडून बसवून घ्यावी, पण शेजारी उभे राहून पाहावी. जुनी पट्टी काढून रिम स्पिरिटने पुसावी. तेलाचा अंश राहिला तर नवी पट्टी धरत नाही. पट्टी रिमच्या आतल्या रुंदीहून दोनतीन मिलिमीटर अधिक रुंद असावी आणि ताणून, सुरकुती न पडू देता लावावी. हवा हळूहळू उतरण्याचे दोष पुष्कळदा टायरमध्ये नसून या पट्टीतच सापडतात.

टायर चढविल्यावर कडांना साबणाचे पाणी लावावे आणि एकदम जोराची हवा द्यावी. कड जागेवर बसताना टक् टक् असा आवाज होतो. साध्या पंपाने हे साधेलच असे नाही; हवेची टाकी लागते. पेट्रोलपंपावर भरावयाची असेल तर सायकलीच्या बारीक व्हॉल्व्हसाठी पितळी जोड घेऊन जावा. टायरवर छापलेल्या कमाल दाबापलीकडे कधीही जाऊ नये, आणि त्या वेळी तोंड चाकाजवळ नेऊ नये. कड बसली की हवा सोडावी, व्हॉल्व्हची आतली सुई काढून तेथून सीलंट ओतावे. २९ इंची, सव्वादोन रुंदीच्या टायरला ९० ते १२० मिलिलिटर पुरते. मग पुन्हा हवा भरून चाक चहूबाजूंनी फिरवावे, हलवावे आणि दोन्ही कुशींवर थोडा थोडा वेळ आडवे ठेवावे. ज्यांना रबराच्या चिकाची ॲलर्जी आहे त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

हवा किती ठेवावी? साठसत्तर किलो वजनाच्या स्वाराने पुढे २० ते २२ आणि मागे २३ ते २५ पौंडांपासून आरंभ करावा. दगडावर रिम आपटल्याचा आवाज आला तर दोन पौंड वाढवावे. अंगठ्याने दाबून केलेला अंदाज येथे चालत नाही; दाब मोजण्याचे छोटे यंत्र घरात असावे.

निगा राखताना

सीलंट हे तेलासारखे टिकणारे द्रव्य नव्हे. ते दिवसेंदिवस सुकते. थंड हवेत ते पाचसहा महिने टिकेल, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात, विशेषतः सायकल गच्चीत किंवा पत्र्याच्या आडोशाला राहत असेल तर, दोन ते तीन महिन्यांतच पाहावे. चाक कानाशी धरून हलविले की आत खळखळ ऐकू येते. ती आली नाही तर सीलंट संपले असे समजावे आणि निम्मे प्रमाण पुन्हा ओतावे. तेच सीलंट भरावे; दोन प्रकार एकत्र केले तर त्यांची गुठळी होऊ शकते. हवा भरताना व्हॉल्व्ह चाकाच्या वरच्या अंगाला ठेवावा, म्हणजे द्रव त्यात शिरत नाही. तरीही सुई चिकटून हवा जाईनाशी झाली तर ती काढून स्वच्छ करावी किंवा बदलावी. तिची किंमत अल्प आहे.

दर तीन महिन्यांनी टायरची एक कड उतरवून आतून सावकाश बोट फिरवावे आणि सापडतील ते काटे चिमट्याने बाहेरून ओढावे. काटा काढल्यावर ते भोक खाली येईल असे चाक ठेवावे. सीलंट तेथे जाऊन ते बुजवते. वर्षातून एकदा टायर पूर्ण काढून सुकलेला पापुद्रा सोलावा, पट्टी तपासावी आणि सगळे नव्याने भरावे.

वाटेसाठी पिशवीत पाच वस्तू हव्यात: हातपंप, टायर उतरविण्याच्या दोन पट्ट्या, भोकात दाबावयाची रबरी वात व तिची सुई, एक ट्यूब, आणि थिगळाचे सामान. सीलंटला न आवरणाऱ्या भोकात ही वात खुपसली की ते बंद होते. मोटारसायकलच्या ट्यूबलेस चाकांनाही हीच युक्ती करतात, पण त्यांची वात सायकलीला जाड पडते. कुशीला चीर पडली तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावून ट्यूब घालावी. आणि ट्यूब घालण्यापूर्वी, अंधार पडत असला तरी, घाई असली तरी, टायर आतून चाचपून काटे काढावेत. एवढे एकच काम मी त्या संध्याकाळी केले असते, तर आम्ही सहाला नाही तरी सातला घरी पोहोचलो असतो.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला माझे सांगणे इतकेच. मुलाला जाऊ द्यावे. पण निघताना चार प्रश्न विचारावेत. सीलंट कधी भरले? आतून काटे कधी पाहिले? पिशवीत ट्यूब आणि थिगळ आहे ना? कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परत येणार? पहिल्या दोहोंची उत्तरे आठवणीवर सोडू नयेत. गॅसची टाकी लावली की आपण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेपुढे खूण करतो. तशीच खूण येथेही करावी. सायकलीतले काही कळत नसले तरी हे घरातल्या कोणालाही करता येते.

ताईच्या स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर आता दर तीन महिन्यांनी भाच्याच्या हातचे 'चाके' असे दोन अक्षरी टिपण असते. तो वीस वर्षांचा झाला. डोंगरात आता मित्रांबरोबर जातो. मागच्या खेपेस मी गेलो तेव्हा ते टिपण एका रविवारपुढे होते, पण त्यावर काट मारलेली नव्हती. "चाके पाहिल्याखेरीज आज जायचं नाही," ताई त्याला सांगत होती. आणि तो अंगणात चाक उलटे धरून आतून बोट फिरवीत बसला होता.